समोरच्या घरी ठेवलेले तांदूळ

पाचगणीच्या घराला कुलूप लावल्यावर आईने ते तीनदा ओढून पाहिलं. थंडीचे दिवस होते. टॅक्सीवाला हातांवर फुंकर मारत उभा होता आणि मी तिची बॅग डिकीत टाकून घड्याळ बघत होतो. नाना, म्हणजे माझे वडील, जाऊन वर्ष होत आलं होतं. मी आईला सिंगापूरला न्यायला आलो होतो, तेही कायमचं. फक्त हे तिला सांगितलेलं नव्हतं. तिला म्हटलं होतं, तीनेक महिने राहा, परतीचं तिकीट काढलंय, हवं तर बघ. तिने बघितलं. चष्मा लावून, तारखेवर बोट ठेवून बघितलं. मग शेजारच्या शैलावहिनींकडे किल्ली द्यायला गेली, आणि त्यांच्या दारात दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या.

त्या आधी मी नळ नीट बंद आहेत का ते बघायला स्वयंपाकघरात गेलो होतो. फडताळात लोणच्याची बरणी दिसली. गळ्यापर्यंत भरलेली, तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधलेला. कायमची निघालेली बाई लोणचं असं बांधून ठेवत नाही, वाटून टाकते. गाडी पसरणीचा घाट उतरायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हिच्या मनात काहीतरी वेगळं आहे. आणि पाठोपाठ वाटलं की माझ्या मनातलं हिला कळलंय.

मी स्वतः त्या गावातून निघालो त्याला वीस वर्षं झाली. तेव्हा एसटी स्टँडवर नानांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. पोचलास की फोन कर. आणि परक्या मुलखात लगेच कोणावर विसंबू नकोस, माणूस आधी पारखून घे. नाना तिथल्या एका निवासी शाळेच्या ऑफिसात होते. कुठकुठल्या श्रीमंतांची मुलं त्या शाळेत यायची, त्यामुळे गोड बोलणाऱ्या माणसांचा त्यांना पुष्कळ अनुभव होता. त्यांचा पहिला सल्ला मी वर्षभरात सैल सोडला, फोन रोजचा आठवड्याचा झाला आणि आठवड्याचा सणावारी. दुसरा मात्र इतका पाळला की तो माझा स्वभाव झाला. घर दाखवणारा एजंट, जास्तच कौतुक करणारा साहेब, लिफ्टमध्ये 'जेवलास का' विचारणारे शेजारी, प्रत्येकाकडे बघताना मनात एकच यायचं: याला माझ्याकडून काय हवंय? नोकरीपुरता एम्प्लॉयमेंट पास होता तोवर ठीक होतं, तो पास कधीही जाऊ शकतो अशी धास्ती असायची. पण पुढे पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, सिंगापूरच्या सेंगकांग भागात फ्लॅट घेतला, मुलगी इथल्या शाळेत जायला लागली, तरी सवय सुटली नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना हे समजेल. आपण हुशारीवर टिकलो असं आपण गावी सांगतो. मी तरी बराचसा संशयावर टिकलो. आणि जे मागे राहिलात त्यांना हे सांगायला मला लाज वाटते, की सुट्टीवर येताना तो संशय विमानतळावर ठेवून येता येत नाही. तो तुमच्या ओसरीवर आमच्याबरोबर बसतो आणि तुमच्या हातचा चहा पितो.

आईचे सेंगकांगमधले पहिले अडीच महिने तक्रारीत गेले. इथे दारं कायम बंद का, इथे सूर्य रोज एकाच वेळी का मावळतो, इथल्या दुधाला साय का येत नाही. रेवतीने, माझ्या बायकोने, लिटिल इंडियातून तिच्यासाठी भाकरीचं पीठ, गूळ, ओला नारळ, सगळं आणून ठेवलं. इरा, आमची चौदा वर्षांची लेक, आजीला वस्तीभोवती फिरणाऱ्या एलआरटीच्या छोट्या गाडीत बसवून दोन वेळा गोल फिरवून आणायची. आई म्हणायची, "निघालो तिथेच परत आलो, मग गेलो कशाला?"

मला तिच्या तक्रारीचा त्रास होत नव्हता. तक्रार करणारं माणूस राहायला तयार होत असतं, असा माझा हिशेब होता. म्हणून मी पालकांसाठी जो लांब मुदतीचा पास असतो त्याची तयारी सुरू केली. आणि एके दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिचं परतीचं तिकीट रद्द करून टाकलं. तिला विचारलं नाही. रेवतीलाही दोन दिवसांनी सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही आईंना सांगा. मी नाही सांगणार, आणि त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

त्यानंतर काही दिवसांतच आई बदलली. तक्रारी थांबल्या. सकाळी उठून गुणगुणायला लागली. इराला तिच्या शाळेच्या युनिफॉर्मची कॉलर उलटवून शिवून दिली. माझ्या हातची कॉफी प्यायली आणि बरी झालीये म्हणाली. बायको खूश, मुलगी खूश. मला मात्र चैन पडेना. माणूस एकाएकी आनंदी होतो तो कशाने?

मग मी लक्ष ठेवायला लागलो. ती येताना भिंतीवरचं तिथी-वारांचं कॅलेंडर गुंडाळी करून घेऊन आली होती. ते रोज काढून बघायची आणि मी आलो की परत गुंडाळायची. एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून तिने विचारलं, "विनू, पाचगणी इथून कुठल्या बाजूला रे?" मी फोनवर बघून हात दाखवला, आमच्या दाराच्या दिशेने, समोरच्या घराकडे. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तेच परत विचारलं. "नक्की ना? उलटी बाजू नाही ना?"

आणि मग लिफ्टपाशी समोरच्या मिसेस टॅन भेटल्या. सत्तरी उलटलेल्या, एकट्या राहतात. इतकी वर्षं समोर राहून आमचं बोलणं मान डोलवण्यापलीकडे गेलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "युवर मदर्स राइस, स्टिल विथ मी, हां. डोन्ट वरी. आय कीप प्रॉपर्ली."

मी विचारलं, कसले तांदूळ?

"स्मॉल बंडल. शी टाय व्हेरी नाइस." आणि हसून आत गेल्या.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना विसरण्याचा आजार झाला होता, त्याने मला त्याची लक्षणं सांगितलेली होती. दिशा कळत नाही, वार-तारीख पुन्हापुन्हा बघतात, खाण्याच्या वस्तू लपवून ठेवतात, मधेच विनाकारण खुशीत येतात. एकेक गोष्ट आईला लागू पडत होती. मी रेवतीशी बोललो तर ती म्हणाली, मला तर त्या तुमच्यापेक्षा शहाण्या वाटतात. इरा तिच्या इथल्या बोलीत म्हणाली, "आज्जी इज ओके लाह, बाबा. तू असा सस्पिशस का असतोस?"

तुम्ही म्हणाल, सरळ आईलाच का नाही विचारलं? विचारता आलं असतं. पण मी एक प्रश्न विचारला की ती एक विचारणार, आणि तिचा प्रश्न कोणता असेल ते मला ठाऊक होतं. तिकिटाचं काय केलंस? म्हणून मी गप्प राहून तिच्यावर नजर ठेवली. आजारी समजून आईवर पाळत ठेवणं मला तिला खरं सांगण्यापेक्षा सोपं गेलं.

त्याच आठवड्यात ती म्हणाली, "ते इंग्रजांनी वसवलेलं जुनं गाव आहे म्हणतोस ना, ते एकदा दाखव. गाडीतून नको. आपण दोघंच पायी फिरू, सावकाश."

सहकारी म्हणालाच होता, अनोळखी जागी न्या आणि बोलता बोलता साधे प्रश्न विचारा, लगेच कळतं. मी एक दिवस रजा टाकली.

एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून उतरलो तर स्टेशनचं नाव वाचून आई जागच्या जागी थांबली. तिने अक्षरं जुळवत मोठ्याने वाचलं, "धोबी घाट." मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, इथे जुन्या काळी आपल्याकडचे धोबी कपडे धुवायचे म्हणतात. तिची पावलं तिथून जरा ऐटीत पडायला लागली, जणू गावात कोणी ओळखीचं निघालं होतं.

फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर सरकते जिने आहेत. ते तिने नाकारले आणि पायऱ्यांनी माझ्या पुढे गेली. मला धाप लागली. "टेबललँड चढलेले पाय आहेत हे," ती वरून म्हणाली, "तुझे खुर्चीचे झालेत."

वर पोचल्यावर मी परीक्षेला सुरुवात केली. सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, आपण कुठल्या स्टेशनवर उतरलो गं?"

"धोबीघाटावर. आधी माहीत असतं तर चादरी आणल्या असत्या."

"आणि आज वार कोणता?"

तिने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "तुझ्या ऑफिसचा वार. रजा काढून आलायस ना?" आणि पुढे चालू लागली.

टेकडीच्या उतारावर मोठी हिरवळ आहे. तिच्या कडेच्या विटांच्या भिंतींत जुन्या गोऱ्या लोकांच्या कबरींवरचे दगड बसवून टाकलेत. आईने त्यांच्यावरून हात फिरवला. पाचगणीतही आमच्या लहानपणी असे दगड होते, गवतात बुडालेले, त्यांच्यावर बसून आम्ही बोरं खायचो आणि आईचा ओरडा खायचो. तिने मला वाचायला सांगितलं. मी वाचत गेलो. कोणी खलाशी, कोणाची तरुण बायको, कोणाचं तान्हं मूल.

"तापाने गेले असतील," ती म्हणाली. "आणि आया राहिल्या असतील तिकडे. त्यांना कळायलाच किती महिने लागले असतील."

नाना गेले तेव्हा मी पसरणीच्या घाटात होतो. फोनला रेंज नव्हती, घरापाशी उतरलो आणि बाहेरच्या चपला बघून मला कळलं. आईने तो विषय काढला नव्हता, कधीच काढला नव्हता. पण मला वाटलं, ती आत्ता तेच बोलतेय, फक्त इंग्रजांच्या नावाने. मी तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघितलं. तिथे तसं काही नव्हतं. ती एका लहान मुलाच्या दगडावर पडलेलं पान काढत होती.

टेकडी उतरून आम्ही पांढऱ्या कॅथेड्रलपाशी आलो. दारात आईने चपला काढल्या. मी म्हटलं, इथे काढत नाहीत. "मी काढते," ती म्हणाली, आणि अनवाणी आत जाऊन शेवटच्या बाकावर बसली. पाचगणीला शाळेच्या चर्चचे पडदे तीच शिवायची. नाना ऑफिसात, आणि आई घरी मशीनवर वसतिगृहातल्या मुलांचे गणवेश, पडदे, अभ्रे शिवत असे. आमचं घर तिच्या मशीनच्या आवाजात वाढलं. तिने वर बघून पडद्यांची उंची मनात मोजली असणार, कारण बाहेर आल्यावर म्हणाली, "फार कापड लागत असेल."

पुढे पाडांगचं विस्तीर्ण मैदान लागलं, त्याच्या एका टोकाला क्लब, मागे खांबांच्या इमारती. आई रस्त्याच्या कडेला उभी राहून सगळं बघत राहिली.

"साहेब कुठेही गेला की आधी तीन जागा बांधायचा," ती म्हणाली. "बसायला क्लब, रडायला चर्च आणि पुरायला जमीन. आपल्याकडे काय वेगळं आहे?"

"आणि शाळा," मी म्हटलं.

"शाळा नंतर. पोरं झाल्यावर."

वीस वर्षं मी या रस्त्यांवरून ऑफिसला येतोय-जातोय. मला कधी सुचलं नव्हतं की एका इंग्रजांनी वसवलेल्या गावातून उठून मी दुसऱ्या तसल्याच गावात आलो. लांब आलो, लांब आलो म्हणत होतो. आईने सकाळभरात दोन्ही गावं एकमेकांना शिवून टाकली. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी मनात आलं की एवढं नीट बोलणारी बाई शेजारी तांदूळ का लपवते?

मी पुन्हा विचारलं, "आपण आधी काय बघितलं, आठवतंय?"

आई थांबली. पदराने कपाळ टिपलं. "विनू, तू सकाळपासून माझी परीक्षा घेतोयस. पास झाले की सांग, म्हणजे कुठेतरी बसू."

नदीवर आलो. काठावर ज्या साहेबाने हे शहर वसवलं म्हणतात त्याचा पांढरा पुतळा आहे, हाताची घडी घालून उभा. पुलापाशी एक म्हातारे काका गाडीवर आइस्क्रीम विकत होते. इथे ते आइस्क्रीमची वडी रंगीत पावाच्या स्लाइसमध्ये गुंडाळून देतात. मी दोन घेतली आणि एक आईच्या हातात दिलं. आम्ही सावलीतल्या बाकावर बसलो.

आईने ते खाल्लं नाही. हातात धरून म्हणाली, "आता सांग."

"काय सांगू?"

"जूनमध्ये शाळेत आई-बाप पोरांना सोडायला यायचे," ती म्हणाली. "गणवेश मापाला घालून बघायला माझ्याकडे आणायचे. पोरगं नुसतं टकमक बघत असायचं. मग बाजारात नेऊन त्याला स्ट्रॉबेरी आइस्क्रीम द्यायचे आणि ते चाटण्यात गुंगलं की गाडी काढायचे. तीस वर्षं बघितलंय मी. आइस्क्रीम हातात आलं की समजावं, काहीतरी सांगायचं राहिलंय. सांग."

पावातून आइस्क्रीमचा थेंब तिच्या मनगटावर ओघळला. मी सांगितलं. तिकीट रद्द केलंय, पास काढतोय, तिला कायमचं ठेवून घ्यायचंय. तिकडे एकटीला रात्रीबेरात्री काही झालं तर मी पुन्हा घाटातच असेन, हेही सांगितलं. आणि मग तांदळाचंही विचारून टाकलं. मला वाटतंय तुला विसरायला होतंय, म्हणालो.

तिने आधी आइस्क्रीम खाऊन संपवलं, हात पुसले.

"तू काढलेलं तिकीट अमावास्येचं होतं," ती म्हणाली. "तुला कुठलं कळायला. मी पाचगणीतच बघितलं होतं, पण म्हटलं तुझ्या सोयीने काढलं असशील. अमावास्येला निघू नये. मग काय करतात?"

मी विचारलं, काय करतात?

"प्रस्थान ठेवतात. चांगला दिवस बघून तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधायचं, आणि जिकडे जायचं त्या दिशेच्या शेजारणीकडे नेऊन ठेवायचं. त्या दिवशी आपण निघालो असं होतं. मग खरं जाणं कुठल्याही दिवशी असो. जाताना ते उचलून न्यायचं. फार दिवस ठेवायचं नाही, आणि ठेवलं की बेत बदलायचा नाही. नाना मुंबईला दवाखान्यात जायचे तेव्हा मी शैलाच्या सासूकडे ठेवायचे. तू तेव्हा इथे होतास."

मी विचारलं, मिसेस टॅनना हे समजावलं कसं?

"बॅग उचलल्यासारखं केलं, हाताचं विमान केलं, छातीवर हात ठेवून 'मी' म्हटलं, आणि पुरचुंडी दिली. ती म्हणाली कीप. मी म्हटलं कीप. तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात आहे. तिला लगेच कळलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गुणगुणणं, इराची कॉलर, माझी कॉफी, हे सगळं पुरचुंडी ठेवल्यानंतरचं होतं. जिच्याबरोबर मी सकाळपासून टेकडी चढलो, कबरींवरची नावं वाचली, ती आई निघालेली होती. प्रवासाला निघाल्यावर माणूस जसं मोकळं होतं तशी ती मोकळी झाली होती, आणि मी तिला वार विचारत होतो.

"शाळेतली जी पोरं रडायची ती रुळायची," आई म्हणाली. "जी एकदम हसायला-खेळायला लागायची त्यांच्यावर मी मेट्रनला लक्ष ठेवायला सांगायचे. ती पळून जायची. तू संशय घेतलास तो बरोबर होता. चुकीच्या गोष्टीचा घेतलास, एवढंच."

मी म्हटलं, इथे तुला काय कमी आहे?

"काही कमी नाही. रेवती जीव लावते. पोरगी गोड आहे. पण इथे मी दिवसभर तुमची वाट बघते. सकाळी तुम्ही गेलात की संध्याकाळपर्यंत दुसरं काम नाही. तिथे मी आता कोणाची वाट बघत नाही, विनू. सवय केली मी त्याची. मोठ्या कष्टाने केली. ती मोडू नकोस."

ती सवय तिला कोणी लावली ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिने माझं नाव घेतलं नाही, आणि तो तिचा मोठेपणा होता की सावधपणा, हे मला आजही सांगता येत नाही.

"तिकीट परत काढ," ती म्हणाली.

"घरी गेल्यावर काढतो."

"आत्ता काढ. घरी गेलास की विसरशील. विसरण्याचा आजार कोणाला आहे ते आपण बघूच."

त्या पुतळ्यासमोर बसून मी फोनवर तिकीट काढलं. त्याच अमावास्येला जागा मिळाली. तिने पर्समधून चष्मा काढला, तारखेवर बोट ठेवून बघितलं, आणि बोट न उचलता विचारलं, "परत रद्द नाही ना करता येत?" मी म्हटलं, येतं. ती म्हणाली, "मग मी रोज विचारीन." आणि तिने खरंच रोज विचारलं, सकाळी कॉफी देताना.

ती गेली त्याला आता काही महिने झाले. जाताना तिने मिसेस टॅनच्या घरून पुरचुंडी उचलली, त्यांना हळदीकुंकू लावलं. त्यांनी ते कपाळावर तसंच ठेवून आम्हाला लिफ्टपर्यंत पोचवलं. विमानतळावर आई वळून बघेल म्हणून मी काचेपाशी थांबलो होतो. ती वाट चुकू नये म्हणून मागवलेल्या व्हीलचेअरवाल्याला काहीतरी विचारत आत गेली. वळून बघितलं नाही.

पाचगणीला पोचल्यावर तिने फोन केला. लोणचं चांगलं मुरलंय म्हणाली. पावसाआधी कौलं बघून घ्यायला माणूस येणार आहे म्हणाली. मी नेहमीप्रमाणे म्हटलं की यंदा रजा मिळाली की येतो. ती एरवी या वाक्यावर 'बरं' म्हणून पुढे जाते. या वेळी थांबली.

"दुसऱ्याचं प्रस्थान आपल्याला ठेवता येत नाही रे," ती म्हणाली, "नाहीतर तुझं मीच ठेवलं असतं."

आता तो फोन ठेवल्यापासून मी याच विचारात आहे. वीस वर्षांपूर्वी मी एका दमात निघालो, काही कुठे ठेवलं नाही. स्वतः आधी आलो आणि बाकीचं मागून येईल असं धरून चाललो. त्यातलं बरंच अजून पोचायचं आहे. घर कुठलं, असं कोणी विचारलं तर पूर्वी मी पाचगणी म्हणायचो, मग काही वर्षं विचारणाऱ्याकडे बघून उत्तर द्यायचो. आता मला वाटतं, जिथून निघताना आपल्याला शेजारच्या एका दारावर थाप मारावी लागते ते आपलं घर. बाकी सगळीकडून माणूस नुसता चेक आउट करून निघतो. सेंगकांगला इतकी वर्षं राहून माझ्याकडे असं एकही दार नव्हतं. आई तीन महिन्यांत एक उघडून गेली.

गेल्या रविवारी मिसेस टॅननी लिफ्टपाशी विचारलं, "मदर कमिंग बॅक?" मी म्हटलं, नाही आंटी, बहुतेक मीच जाईन. त्यांनी मान हलवली आणि हाताचा तळवा माझ्यासमोर पसरला, रिकामा, वाट बघत असल्यासारखा. त्यांना काय हवंय असा प्रश्न या वेळी माझ्या मनात आला नाही. मी म्हटलं, तांदूळ आणून देतो. अजून दिलेले नाहीत. पण काल रेवतीला विचारून डब्यातले तांदूळ एका फडक्यात बांधून ठेवलेत, आणि संध्याकाळी ऑफिसातून येताना नव्या वर्षाचं तिथी-वारांचं कॅलेंडर घेऊन आलोय.